नऊ ठिपक्यांची बासरी

कमळाकर भगतनं शुक्रवारी सकाळी आपली बासरी बायकोच्या हातात दिली आणि देताना इतक्या सूचना दिल्या, की ऐकणाऱ्याला वाटावं हा माणूस परदेशी निघालाय. प्रत्यक्षात तो रात्री रोह्यातल्या घरातून जवळच्याच धाटावला, कंपनीत जाणार होता. आठवडाभर तिसरी, रात्रीची शिफ्ट होती.

"पडू देऊ नको. उन्हात ठेवू नको. जोह्याला पोचलीस की सरळ कपाटात ठेव आणि पोराटोरांच्या हाती लागू देऊ नको."

"तान्हं बाळ देताय का बासरी?" वैशाली म्हणाली.

"मीच घेऊन आलो असतो गं. पण रविवारी सकाळी शिफ्ट सुटली की थेट पेणची एसटी धरायची. गेटवर झडती असते. नळीसारखं काहीही आत नेऊ देत नाहीत."

हे खरं होतं. त्या गेटवरून एकदा एकाची छत्रीसुद्धा परत पाठवली होती. म्हणून असं ठरलं की वैशालीनं दोन दिवस आधी माहेरी, जोह्याला जायचं, बासरी तिथं ठेवायची आणि रविवारी पेणला रामवाडीच्या मंगल कार्यालयात आणायची. योजनेत खोट काढायला जागा नव्हती. असल्या योजनांचंच पुढं वाटोळं होतं, पण ते आधी कुणाला कळतंय?

रामवाडीत त्या रविवारी छंदमेळा होता. हैबतराव नावाचे एक निवृत्त चित्रकला शिक्षक तो दरवर्षी भरवायचे. त्यांचा नियम एकच होता. हातानं काहीतरी करणारा आणि त्यातून दमडीही न मिळवणारा जो कोणी असेल, त्याला एक टेबल आणि एक खुर्ची. बाकी चौकशी नाही. आणि दुपारी जेवणाआधी एक तास संगीताचा. ज्यांना एरवी कुणी बोलावत नाही अशा वादकांसाठी तो तास राखून ठेवलेला होता, आणि कमळाकर त्या वर्णनात तंतोतंत बसत होता.

त्याला कुणी बोलवत नसे याला कारणही तसंच होतं. एकोणीस वर्षांपूर्वी कंपनीच्या वर्धापनदिनाला त्याचं नाव पुकारलं गेलं होतं. तो स्टेजवर गेला, बासरी ओठाला लावली, समोर पाहिलं. चारशे माणसं. कमळाकर माइकमध्ये म्हणाला, "मोटर बंद करायची राहिली," आणि स्टेजवरून उतरून धावत प्लांटकडे गेला. मोटर केव्हाचीच बंद होती. ती रात्रभर बंदच राहिली आणि तोही तिच्याशेजारी बसून राहिला. तेव्हापासून आजतागायत कंपनीत त्याला कुणीही भेटलं की विचारतं, "भगत, मोटर बंद झाली का?" परवा नवीन लागलेल्या एका पोरानंही विचारलं. त्या बिचाऱ्याला हा प्रश्न का विचारतात ते माहीतसुद्धा नव्हतं, रामराम म्हणावं तसं त्यानं विचारलं.

पण बासरी काही सुटली नव्हती. शिफ्ट सुटली की कुंडलिका नदीच्या काठी बसून तो रोज अर्धा तास वाजवायचा. घरी वाजवायचा तेव्हा वैशाली स्वयंपाकघराच्या दाराआडून ऐकायची. ती पुढं आली की हा थांबायचा. बावीस वर्षं संसार झाला, पण नवऱ्याची बासरी तिनं कधी समोरून ऐकली नव्हती. यंदा तिनंच न विचारता हैबतरावांना फोन करून त्याचं नाव देऊन टाकलं.

"मला एकदा समोर बसून ऐकायचंय," ती म्हणाली. "दाराआडून ऐकून ऐकून मान धरली माझी."

कमळाकर त्या रात्री झोपला नाही. सकाळी त्यानं मनाशी ठरवून टाकलं, की या वेळी वाजवायची. आणि या वेळीही पळालो, तर बासरी कुणाला तरी देऊन टाकायची आणि पुन्हा तिचं नाव काढायचं नाही. सात मिनिटांचा भूप त्यानं दोन महिने घोटला.

रविवारी दहाच्या सुमाराला तो रामवाडीला उतरला तेव्हा डोळे चुरचुरत होते आणि बोटं खिशातल्या खिशात भूप वाजवत होती. कार्यालयात शिरला आणि दोन्ही विसरला.

पहिल्याच टेबलावर जगन नावाचा एक एसटी ड्रायव्हर बसला होता. त्याच्यासमोर फळ्यावर लिहायच्या खडूंची रांग होती. कमळाकर वाकला. प्रत्येक खडूच्या टोकावर एकेक माणूस कोरलेला होता. घंटीची दोरी ओढणारा कंडक्टर, टोपलीवाली बाई, खिडकीत झोपलेला म्हातारा. म्हाताऱ्याचं तोंड उघडं होतं आणि त्यात एक दात होता.

"हे कशानं केलंत?"

"सुईनं," जगन म्हणाला. "गाडी सुटायला वेळ असला की स्टँडवर बसून करतो. हा म्हातारा अर्धा पेणला झाला, अर्धा रोह्याला."

पुढच्या टेबलावर खाडीकडच्या मालूताई होत्या. त्यांचं अख्खं आयुष्य मिठागरात गेलेलं. त्यांनी दोऱ्यावर मिठाचे खडे वाढवून त्यांची झाडं केली होती, काचेसारखी लखलखीत. पाऊस आला की ती विरघळतात, म्हणून दरवर्षी नवीन करायची, असं त्या अगदी सहज सांगत होत्या. कमळाकर एकेका टेबलाशी थांबत गेला आणि त्याच्या मनात एकच विचार येत राहिला, की ही सगळी माणसं आपल्याच गाडीनं येतात-जातात, शेजारच्या सीटवर बसतात, आणि आपल्याला यातलं काही माहीत नव्हतं.

"अहो, इकडं."

वैशाली भिंतीपाशी उभी होती. तिच्याशेजारी तिची आई, धोंडुबाई. ठेवणीतली हिरवी साडी, डोक्यात अबोली, काखेला पिशवी, आणि हातात स्वच्छ धोतराच्या कापडात गुंडाळलेली बासरी. वैशालीचा चेहरा मात्र काहीतरी सांगू पाहत होता.

धोंडुबाईबद्दल थोडं सांगायला हवं. जोहे हे गणपतींचं गाव. तिथं एका कारखान्यात धोंडुबाई चाळीस वर्षं फिनिशिंगला होती. मूर्ती साच्यातून निघते तेव्हा तिच्या अंगावर हवेच्या बुडबुड्यांनी पडलेली बारीक बारीक भोकं असतात. ती बुजवायची, घासायची, गुळगुळीत करायची, मग रंग. धोंडुबाईचा अंगठा त्यात इतका तयार झाला होता की ती डोळे मिटून मूर्तीवरून हात फिरवायची आणि भोक सापडलं की तिथंच थांबायची. काम करताना ती तोंडानं काहीतरी गुणगुणत असे, चार सुरांच्या पलीकडं न जाणारं, शब्द नसलेलं. जावयाशी बावीस वर्षांत ती फारशी बोलली नव्हती. "जेवला का" आणि "निघाला का" एवढ्यावर दोघांचं भागत असे.

आज मात्र ती आपणहून पुढं आली.

"घ्या," ती म्हणाली. "उघडून बघा."

कमळाकरनं कापड सोडलं.

पहिल्यांदा त्याला कळलंच नाही की ही आपली बासरी आहे. हातातली वस्तू सोन्याची दिसत होती. म्हणजे बाजारातल्या सोनेरी रंगासारखी भडक नाही, जुन्या दागिन्याच्या सोन्यासारखी. मध्यावर एक मोरपीस होतं, आणि त्याचा एकेक केस इतका बारीक की फुंकर मारली तर हलेल असं वाटावं. पिसाचा डोळा निळा, त्यात हिरवा, त्यात पुन्हा निळा. टोकाला मोत्यांचा गोंडा. कमळाकरनं आयुष्यात इतकी सुंदर वस्तू हातात धरली नव्हती.

"आई," तो म्हणाला, "हे तुम्ही केलंत?"

"मंग कोण करनार?"

मग सवयीनं त्याची बोटं आपापल्या जागी गेली. आणि तिथं काहीच नव्हतं. सगळीकडं गुळगुळीत. त्यानं बासरी फिरवून पाहिली. एका ओळीत काळे ठिपके होते, सारख्या अंतरावर, अगदी गोल. भोक एकही नव्हतं.

"आई... भोकं?"

"सात व्हती," धोंडुबाई अभिमानानं म्हणाली. "येक तर चांगलं मोठं, करंगळी जाईल येवढं. वरून बांबूला चीर. येवढी भोकं घेऊन तुम्ही स्टेजवर उभे रहानार? लोक म्हनतील, धोंडुबाईचा जावय आन् हातात किडका बांबू. सगळी बुजवली. दोन हात पुट्टी, घासली, मंग रंग."

"पण बासरीला भोकं असतात ना?"

"असतात की. काढली ना." तिनं ठिपक्यांवर बोट फिरवलं. "नऊ. सातच काढनार व्हते, पन मधी मोकळं मोकळं दिसत व्हतं."

कमळाकरनं वैशालीकडं पाहिलं. "मी नुसतं पुसून ठेव म्हटलं होतं," ती पुटपुटली. "शाळेतल्या मैत्रिणीकडं जाऊन आले, आणि आल्यावर पाहिलं तर कापडात गुंडाळलेली. मी सोडून बघितलीच नाही. आत्ता बसमध्ये सांगितलं तिनं."

यात धोंडुबाईचं चुकलं असं तरी कसं म्हणावं? चाळीस वर्षांत तिच्या हाताखालून हजारो बासऱ्या गेल्या होत्या, बासरीवाल्या गणपतींच्या. एकीलाही भोक नव्हतं, सगळ्यांना ठिपके होते. आणि एकाही गणपतीनं कधी तक्रार केली नव्हती.

तरी कमळाकर बोलणार होता. तोंड उघडलंही होतं. तेवढ्यात धोंडुबाई बासरीकडं बघत, जरा हळू आवाजात म्हणाली, "आमचं काम कसं, जावईबापू, चाळीस वर्षं केलं, सगळं पान्यात गेलं. दीड दिवस, पाच दिवस, धा दिवस, की गेलं. ही येक तेवढी र्‍हाईल."

कमळाकरनं तोंड मिटलं.

आता करायचं काय? बासरी एकच होती. कार्यक्रमाला दीड तास होता. आणि सासूबाईंना आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी राहिल्याचं समाधान मिळालं होतं. पुष्कळ विचार करून कमळाकरनं असं ठरवलं की गुपचूप भोकं मोकळी करायची, अगदी ठिपक्याएवढीच. काळ्या ठिपक्याच्या जागी काळं भोक. लांबून कुणाला काय कळतंय? तो जगनच्या टेबलाशी गेला.

"जरा सुई देता?"

"काटा गेला का?"

"तसंच काहीसं."

सुई घेऊन तो कार्यालयाच्या मागं हात धुवायच्या नळांपाशी गेला आणि पहिल्या ठिपक्यावर टोचू लागला. दोन मिनिटं टोचलं. सुई वाकली. तिथं भोक नव्हतंच, निबर बांबू होता. दुसऱ्या ठिपक्याखालीही बांबू. नऊ ठिपक्यांतले खरे कुठले आणि मोकळं दिसू नये म्हणून काढलेले कुठले, हे कळायला काही मार्गच नव्हता. सारखं अंतर साधायला धोंडुबाईनं खऱ्या भोकांच्या जागाही सोडून दिल्या असाव्यात. कमळाकर तिसऱ्या ठिपक्याकडं वळला, तेवढ्यात मागून आवाज आला.

"काय करताय हे?"

जगन सुई परत न्यायला आला होता. त्यानं बासरी कमळाकरच्या हातातून काढून घेतली आणि उजेडात धरली. बराच वेळ त्या मोरपिसाकडं बघत राहिला.

"हा केस एका झटक्यात ओढलाय," तो शेवटी म्हणाला. "ब्रश उचललेला नाही. आणि याच्यावर तुम्ही माझ्या सुईनं टोकरताय? लाज नाही वाटत?"

"अहो, माझीच आहे ती."

"तुमची असली म्हणून काय झालं?"

जगन बासरी घेऊन थेट हैबतरावांकडं गेला. हैबतरावांनी चष्मा पुसला, पाहिलं, पुन्हा पुसला, पुन्हा पाहिलं. मग त्यांनी स्वतःची पोस्टाच्या तिकिटांची काचपेटी रिकामी केली, बासरी तिच्यात ठेवली आणि पुढं सुवाच्य अक्षरात पाटी लावली. 'बासरी. सौ. धोंडुबाई, जोहे. कृपया हात लावू नये.'

अर्ध्या तासात त्या पेटीभोवती गर्दी झाली. लोक येत, वाकत आणि आवाज न करता उभे राहत. मालूताई आपली मिठाची झाडं सोडून आल्या. जगन पेटीशेजारी पहाऱ्याला उभा राहिला. धोंडुबाईला खुर्ची दिली गेली, चहा दिला गेला. तिला काय करावं ते सुचेना, म्हणून ती चहाचा रिकामा कप दोन्ही हातांत घट्ट धरून बसली. कमळाकर गर्दीच्या मागं उभा होता. कुणी विचारलंच तर वैशाली सांगत होती, "हे वाजवणार आहेत ती," आणि ऐकणारे कमळाकरकडं अशा आदरानं बघत, की त्याला घाम फुटत होता.

बारा वाजले. सूत्रसंचालन करणारी मनस्वी माइकवर आली. "आता आपल्याला बासरीवादन ऐकवतील, रोह्याचे श्री. कमळाकर भगत."

काचपेटीतून बासरी निघाली आणि ताटात घालून स्टेजवर आली. ताट हैबतरावांनी धरलं होतं. मागून जगन लक्ष ठेवत चालत होता. कमळाकर स्टेजवर चढला. समोर सव्वाशे माणसं, पहिल्या रांगेत धोंडुबाई आणि वैशाली. वैशाली मान ताठ करून, बरोबर समोर बसली होती.

आता नुसतं उभं तरी राहू, असं म्हणून कमळाकरनं बासरी ओठाला लावली. एका ठिपक्यावर फुंकर मारली. सभागृह निःशब्द झालं. बासरीही निःशब्दच होती.

दहा-पंधरा सेकंद गेले. मनस्वीनं माइकवर टिचकी मारली. "माइक चालू आहे ना?"

"हाय," मागून साउंडवाला म्हणाला.

"मग ऐकू का येत नाही?"

साउंडवाल्यानं दुसरा माइक आणून लावला. कमळाकरनं पुन्हा फुंकलं. काही नाही. तिसरा माइक आला. आता साउंडवाला चिडला. तो स्वतः स्टेजवर आला आणि माइकमध्ये "हॅलो, हॅलो, माइक टेस्टिंग" असं इतक्या जोरात म्हणाला की मिठाचं एक झाड कोसळलं. "ऐका, येतोय ना आवाज? माझ्या माइकला नावं ठेवायचं काम नाय." मग वायरी तपासल्या गेल्या. पंखे बंद झाले. बासरी मागच्यांना ऐकू येत नसावी म्हणून मागच्या रांगा पुढं सरकल्या. एक आजोबा म्हणाले, "मला येतंय थोडं थोडं." त्यांच्या शेजारच्यांनी त्यांच्याकडं हेव्यानं पाहिलं.

शेवटी हैबतराव उठले. भला माणूस. "राहू द्या, भगत," ते म्हणाले. "यंत्रणेनं घात केला. पण अशा वस्तूचं नुसतं दर्शन झालं हेही काही कमी नाही. टाळ्या द्या त्यांना."

टाळ्या पडल्या, चांगल्या भरघोस. कमळाकर बघत राहिला. सुटका समोर उभी होती. दोष माइकचा. सासूबाई खूश. पायऱ्या डाव्या हाताला, दार उघडं, एसटीचा थांबा पाच मिनिटांवर. या वेळी तर मोटरीचं नावसुद्धा काढावं लागणार नव्हतं.

मग त्यानं वैशालीकडं पाहिलं. ती टाळ्या वाजवत नव्हती. ती अजून वाट बघत होती.

"माइक चांगला आहे," कमळाकर म्हणाला. त्याचा आवाज तिन्ही माइकांतून आला. "बासरीच वाजत नाही. हिची भोकं बुजवलेली आहेत."

टाळ्या थांबल्या.

"कुणी बुजवली?" कुणीतरी विचारलं.

पहिल्या रांगेत हिरवी साडी उभी राहिली.

"मी," धोंडुबाई म्हणाली.

ती काखेची पिशवी सावरत पायऱ्या चढून वर आली. जावयासमोर उभी राहिली. तिच्या चेहऱ्यावर राग होता की काय होतं, ते कमळाकरला कळेना.

"म्हंजे ती भोकं लागतात व्हय?"

"लागतात, आई. आवाज तिथूनच येतो."

"मंग सकाळीच का नाय सांगितलंत?"

"तुम्ही म्हणालात, ही एक तेवढी राहील."

धोंडुबाई त्याच्याकडं बघत राहिली. बावीस वर्षांत तिनं जावयाला इतका वेळ पाहिलं नव्हतं.

"र्‍हाईल म्हंजे मुकी र्‍हाईल असं म्हनले व्हय मी?" ती म्हणाली. "आना इकडं."

तिनं पिशवीतून कोरणी काढली. लग्नाला जाताना जशी बाई कुंकवाची डबी घेते तशी धोंडुबाई कोरणी घेऊन घराबाहेर पडत असे. बासरी आडवी धरून तिनं डोळे मिटले.

"आई, यातले खरे ठिपके कुठले?"

"ठिपक्यांकडं कशाला बघता. ते बघन्यासाठी हायत."

तिचा अंगठा सोनेरी रंगावरून सरकत गेला. एका जागी थांबला. तिथं ठिपका नव्हता. कोरणी फिरू लागली आणि तिचा आवाज माइकमधून सगळ्या सभागृहात घुमला, खर्र, खर्र. कुणी हललं नाही. जगन उभा राहिला होता, त्याच्या मागच्यांनी त्याला बस म्हटलं नाही, ते स्वतःच उभे होते. आपलंच काम, आणि तेही असलं काम, एक बाई आपल्याच हातानं उकरत होती आणि रंगाचा एक टवका इकडंतिकडं उडत नव्हता. मोठं भोक मोकळं झालं. तिनं गोंडा ओढून टोक मोकळं केलं. मग टोकाकडून एक, दोन, तीन.

चौथं मोरपिसाच्या डोळ्याखाली होतं. धोंडुबाईनं कोरणी तिथं टेकवली आणि क्षणभर थांबली. कमळाकरनं तिचा हात धरला.

"असू द्या, आई. एवढ्यात होईल."

"तीन भोकांत?"

"चार सूर मिळतील."

"चार पुरतात?"

"बघू," कमळाकर म्हणाला.

खरं सांगायचं तर त्यालाही माहीत नव्हतं. दोन महिने घोटलेल्या भूपाचे रिषभ आणि गंधार मोरपिसाखाली गेले होते. उरले होते पंचम, धैवत, निषाद आणि षड्ज. एवढ्या भांडवलावर भूप होत नाही, कसलाच राग धड होत नाही. त्यानं बासरी हलवली, आतून पांढरे खडे पडले. पहिली फुंकर मारली तशी आतली सगळी पुट्टी भुर्रकन उडाली आणि मनस्वीच्या जांभळ्या साडीवर जाऊन बसली. दुसऱ्या फुंकरीला पंचम लागला.

जाड, दमदार, खाली बसलेला पंचम. या बासरीतून असा सूर त्यानं कुंडलिकेच्या काठीही ऐकला नव्हता. चीर बुजल्यामुळं हवा कुठंच फुटत नव्हती. समोर सव्वाशे माणसं आहेत हे तो त्या क्षणी विसरला. पंचमावरून धैवत, निषाद, षड्जाला हात लावून परत खाली. पुन्हा वर. पुढं काय वाजवायचं हे त्यानं ठरवलं नव्हतं, बोटं जिथं जागा होती तिथं जात होती. आणि जाता जाता ती एका जुन्या वाटेला लागली.

पहिल्यांदा वैशालीला कळलं. मग धोंडुबाईला. ती स्टेजवरच उभी होती, हातात कोरणी. मूर्ती घासताना, रंग वाळायची वाट बघताना, चाळीस वर्षं जे ती स्वतःच्या नकळत गुणगुणत आली होती, ते बासरीतून येत होतं. जावई बावीस वर्षं सणासुदीला कारखान्याच्या दारात बसून चहा पीत असे, तेव्हा तो ते ऐकत होता, हे तिला आज कळलं. त्यालाही आजच कळलं.

सात मिनिटं झाली. दहा झाली. पंखे बंद होते ते कुणी लावले नाहीत. साउंडवाला आपला डबा उघडा टाकून ऐकत बसला होता.

सूर थांबला तेव्हा लगेच टाळ्या पडल्या नाहीत. त्या शांततेत धोंडुबाईनं कोरणीच्या टोकानं बासरीला हळूच स्पर्श केला.

"हजार हजार बासऱ्या केल्या," ती म्हणाली. "आपल्या हातची वाजते कशी, ते आज ऐकलं." तिनं पदर डोळ्याला लावला, आणि लावताना चेहरा असा केला जणू डोळ्यात पुट्टीच गेली होती.

मग टाळ्या पडल्या. कमळाकर खाली बघत राहिला. वैशाली पायऱ्यांपाशी आली होती.

"समोरून वेगळीच ऐकू येते," ती म्हणाली. एवढंच म्हणाली, पण एकोणीस वर्षांचं काहीतरी त्याच्या खांद्यावरून उतरलं. त्याला वाटलं, आता इथंच उभं राहावं, संध्याकाळपर्यंत.

तेवढ्यात धोंडुबाईनं नाक पुसलं, बासरीकडं बारकाईनं पाहिलं, आणि तिच्या कपाळावर आठी पडली.

"पुढचा मेळा कधी हाय?"

"पुढच्या वर्षी, आई."

"झाली ना मंग वाजवून? द्या इकडं." तिनं हात पुढं केला. "चार भोकं बुजवून ठेवते. उघडी बघवत नाय मला. वरून रंग लावते, कळनारसुदिक नाय. पुढल्या वर्षी उघडून देईन."

"आई, मला रोज लागते ती."

"रोज? रोज धूळ जाईल आत. द्या."

ती एक पाऊल पुढं आली. कोरणी हातात होतीच. कमळाकरनं एकदा तिच्या अंगठ्याकडं पाहिलं, एकदा वैशालीकडं. वैशालीनं तोंडात पदर कोंबला होता.

"आई," तो तिन्ही माइकांतून म्हणाला, "कंपनीत मोटर बंद करायची राहिली."

आणि बासरी पोटाशी धरून कमळाकर भगत आयुष्यात दुसऱ्यांदा स्टेजवरून पळाला. पायऱ्या डाव्या हाताला होत्या, दार उघडं होतं, आणि तो बाहेर पडेपर्यंत लोक टाळ्या वाजवत होते.

धोंडुबाईनं शांतपणे कोरणी पुसून पिशवीत ठेवली.

"जाऊ दे," ती वैशालीला म्हणाली. "गनपतीला येतील की जोह्याला."